बाद ठरलेल्या सह्या

निवडणुकीच्या वर्षी माघ संपत आला की धुळ्यात आमच्या देवपूरच्या रस्त्यावर भोंग्याच्या गाड्या दिसायला लागतात. जिल्हा परिषदेला शहराचं मत नसतं, पण खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या इथूनच निघतात. जीपच्या टपावर भोंगा बांधणारा माणूस, कागदी झेंड्यांची चळत, खळीचा डबा. थंडी सकाळपुरती उरलेली असते. हातगाडीवर हरभऱ्याचे डहाळे आलेले असतात. एके काळी मला हे दिवस फार आवडायचे. आता भोंगा वाजला की मी खिडकी लावून घेते. सून विचारते, "काय झालं, आई?" मी म्हणते, धूळ येते. धुळ्यात राहून एवढं कारण पुरतं.

खरं कारण मी तिला कधी सांगितलं नाही. मुलाला नाही, यांनाही नाही. ते एका गावाचं आहे आणि अकरा बायकांचं आहे. गावाचं नाव इथेही लिहीत नाही.

मी जामनेरकडची. नोकरी लागली ती धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथल्या एका गावात. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, कौलारू दोन खोल्या, पुढे पडवी. नव्वदच्या अलीकडचे-पलीकडचे ते दिवस. आमच्या जामनेरकडची बोली आणि तिथली बोली यांतसुद्धा फरक. पहिल्या दिवशी एका मुलीला मी विचारलं, "तुझी आई कुठे आहे?" ती म्हणाली, "वावरम्हा शे." ते ‘शे’ ऐकून मला हसू आलं होतं. वर्षभरात तेच माझ्या तोंडात बसलं. अजून कधी कधी सुनेशी बोलताना निघून जातं.

त्या काळात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले होते. शाळा सुटली की पडवीत बायकांचा वर्ग घ्यायचा, असं वरून आलं. मी तेवीस-चोवीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, खोलीवर जाऊन करायचं तरी काय? घेतला वर्ग. पहिल्या दिवशी तिघी आल्या, महिन्याभरात चौदा झाल्या. शेतातून परस्पर यायच्या, पायाला माती तशीच. मी फळ्यावर ‘अ’ काढला, तर दगूबाई नावाची एक चाळिशीची बाई उठून उभी राहिली. उंच, आवाज खणखणीत, सगळ्या जणी तिच्याकडे बघून हसायच्या आणि तिच्याकडे बघूनच गप्प व्हायच्या.

"बाई, अ पासून नको," ती म्हणाली. "मना नावपासून शिकाडा. बाकीनं मांगून दखू."

तेव्हापासून मी नावापासूनच शिकवलं. प्रत्येकीच्या पाटीवर तिचं नाव मी काढून द्यायची आणि ती त्यावरून गिरवायची. त्यामुळे झालं असं की त्या चौदा जणींचं अक्षर हे माझंच अक्षर झालं. मी डावखुरी. माझी शिरोरेषा सरळ जात नाही, उजवीकडे वर चढत जाते. डी.एड.ला त्यावरून बोलणी खाल्ली होती. या बायकांच्या पाट्यांवर ती तशीच चढायला लागली.

सगळ्यांत लहान होती वत्सला. लग्न होऊन आलेली, एकोणीस-वीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, वर्गात कधी आपणहून न बोलणारी. ती दुसरीपर्यंत शिकून विसरलेली होती, म्हणून तिचं लवकर जमलं. बाकीच्या नुसतं नाव लिहायच्या. तिने नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लिहायला शिकून घेतलं. तिचा नवरा आप्पांच्या मळ्यात कामाला होता. वर्गाला येते म्हणून घरातून कुरकुर चाले. एकदा मी तिला विचारलं, "घरी काय सांगून येतेस?" ती पाटी पुसत म्हणाली, "सांगतच नही."

वर्ग पुरा झाला तेव्हा मी साक्रीच्या बाजारातून निळ्या रिफिलची चौदा पेनं आणली आणि एकेकीला दिली. त्यांनी ती पोलक्यात खोचली. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "आता सरकारी कागद समोर आला की अंगठा पुढे करायचा नाही. पेन काढायचं आणि नाव लिहायचं. कुठलाही कागद असो."

कुठलाही कागद असो. हे मी म्हटलं होतं. माझ्याच तोंडचं वाक्य आहे.

गावात पिठाची गिरणी होती, ती गंगूअक्कांची. अक्का विधवा होत्या, पन्नाशीला आलेल्या. नवरा गेल्यावर इंजिन चालवायला त्या स्वतः शिकल्या. पट्ट्याचा फटफट आवाज, पापण्यांवर पीठ, आणि दळणाला आलेल्या प्रत्येक बाईची चौकशी. कोणाची मुलगी कितवीत गेली हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असे. त्यांचं एकच म्हणणं होतं. गावात चौथीपर्यंतच शाळा, पाचवीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागतं. पोरं जातात, पोरी घरी बसतात. "पाचवीना वर्ग आठे पायजे," त्या म्हणायच्या. "वरथून कोनी देत नही ते आपून वर जाईसन लई येऊत."

मला ती नुसती बोलायची गोष्ट वाटायची. पण मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. कित्येक वर्षांनी लागली होती, आणि बायकांसाठी गट राखीव ठेवण्याची ती पहिलीच वेळ. आमचा गट बायकांना सुटला.

गावातले मोठे शेतकरी म्हणजे आप्पा. मळे त्यांचे, विहिरी त्यांच्या, कांद्याच्या दिवसांत अर्धं गाव त्यांच्याच वावरात. पुढारीपणही त्यांच्याकडेच होतं. गट बायकांना सुटल्यावर त्यांनी पत्नीचा अर्ज भरला. भिंतीवर पत्रकं लागली, त्यांत फोटो आप्पांचा, हात जोडलेला, आणि खाली नाव बाईंचं. त्या बाईंना मी तीन वर्षांत दोनदाच पाहिलं असेल. आणि अर्ज मागे घ्यायचा दिवस उलटून गेल्यावर गावाला कळलं की गंगूअक्कांचा अर्जही तसाच आहे. अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी.

तो फाल्गुन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. डोंगराच्या पायथ्याशी पळस फुललेला, मोहाची फुलं पडायला लागलेली, गावभर तो गोड, जरा उग्र वास. दुपारी आप्पांची जीप भोंगा वाजवत जायची आणि मागे धुळीचा पट्टा बराच वेळ तरंगत राहायचा. अक्कांकडे जीप नव्हती. त्या बैलगाडीतून, नाहीतर पायी, पाड्या-पाड्यांवर जायच्या आणि सोबत एक खरीखुरी कपबशी न्यायच्या. ती हातात धरून विचारायच्या, "हाई काय शे?" बायका म्हणायच्या, "कपबशी." "झायं. आते ध्यानमा ठेवा." एवढाच प्रचार.

आम्हां शिक्षकांना ताकीद होती. निवडणुकीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, नोकरीवर येईल. माझ्या खोलीच्या वाटेवरही कुणीतरी उभं असायचं, बाई कोणाकडे जातात, कोणाशी बोलतात ते बघायला. मी गिरणीवर जायचं बंद केलं. दळण शेजारच्या मुलीबरोबर पाठवायला लागले.

मतदानाच्या तीन-चार दिवस आधीची गोष्ट. शाळा सुटलेली, मी कुलूप लावत होते. दगूबाई आली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी, आणि थोडी दूर वत्सला.

"बाई," दगूबाई म्हणाली, "मत देवाना कागदवर काय काय करनं पडस? नाव लिखनं पडी का?"

समोरच्या पिंपळाच्या पारावर आप्पांची दोन माणसं बसली होती. ती आमच्याकडेच बघत होती. प्रश्न किती साधा होता! ‘नाही गं बाई, त्या कागदावर नाव लिहायचं नसतं, नुसता शिक्का मारायचा.’ एवढं एक वाक्य. त्यात कुणाचा प्रचार नव्हता. पण मी कुलपात किल्ली फिरवत, पाराकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "निवडणुकीचं मला काही विचारू नका. मी नोकरदार माणूस आहे."

दगूबाईने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं बाई." आणि त्या गेल्या. वत्सलाने वळून एकदा पाहिलं. तिला काही विचारायचं होतं की सहजच पाहिलं, कोण जाणे.

मतदानाच्या दिवशी मला ड्युटी लांबच्या दुसऱ्या गावी होती. आमच्या गावच्या केंद्रावर काय झालं ते मी नंतर ऐकलं. बायका लवकरच आल्या होत्या, धुतलेली लुगडी नेसून, ओळीने. आदल्या दिवशी सगळ्यांनी घरी सांगितलं होतं की मत आप्पांकडेच जाणार. टेबलावरच्या साहेबांनी शाईचा पॅड पुढे केला, तर दगूबाईने पोलक्यातून पेन काढलं आणि मतपत्रिकेच्या पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर सही केली. साहेब म्हणाले, "अरे वा!" मागच्या बाईनेही पेन काढलं. तिच्या मागच्या बाईनेही. त्या गावात बायका सह्या करतात याचं त्या साहेबांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ते नंतर साक्रीला येऊन चार जणांना सांगितलं. तेव्हा ते ऐकून मला काय आनंद झाला होता! पडद्याआड त्या पेनांचं पुढे काय झालं, ते तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोजणी साक्रीला, सरकारी गोदामात. धान्याच्या पोत्यांचा वास, वर पत्रे, आणि टेबलांच्या पलीकडे जाळी बांधून उमेदवारांचे प्रतिनिधी उभे केलेले. मला मोजणीचीही ड्युटी होती. कोणाला कुठलं टेबल ते सकाळी चिठ्ठ्यांनी ठरलं. माझ्या टेबलावर आली ती आमच्याच गावची पेटी. जाळीच्या पलीकडे आप्पांचा पुतण्या उभा होता, पांढरा सफारी, खिशात सिगारेटचं पाकीट. अक्कांच्या बाजूने त्यांचा भाऊ, म्हातारा, डोळ्यांना कमी दिसणारा.

आम्ही घड्या उघडत होतो. हे इकडे, ते तिकडे. कपबशीचा ढीग वाढत होता, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. आणि मग एक घडी उघडली. कपबशीवर शिक्का स्वच्छ, अगदी मधोमध. आणि त्याच्या खाली निळ्या अक्षरांत: दगूबाई.

शिरोरेषा उजवीकडे वर चढत गेलेली.

मला आधी काही कळलंच नाही. वाटलं, पाटी आहे. तपासायला आलेली पाटी आहे आणि मी आता खाली ‘छान’ लिहायचं. मग भानावर आले. मत देणारा कोण ते ओळखू येईल अशी खूण कागदावर असली की मत बाद, हा नियम आम्हांला प्रशिक्षणात दोन-दोनदा सांगितलेला. बाद मतं वेगळी काढायची, साहेबांना दाखवायची, प्रतिनिधींनाही दाखवायची. म्हणजे हे नाव त्या पुतण्याला दाखवायचं.

मी घडी पुन्हा घातली आणि ती मतपत्रिका कपबशीच्या ढिगात, मधे सरकवली.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. चूक होती, गुन्हाच होता म्हणा. पण त्या क्षणी मला वाटलं, एवढं एकच आहे, झाकून जाईल.

चार-पाच घड्यांनंतर दुसरी निघाली. मग लागोपाठ तिसरी. माझा हात थांबला असणार, कारण जाळीतून आवाज आला, "ओ बाई, ते काय लिखेल शे? आठे दाखाडा."

"काही नाही, शाईचा डाग आहे."

"डाग व्हई ते दाखाडाले काय व्हस?"

साहेब आले. नायब तहसीलदार, वयस्कर, सज्जन माणूस. त्यांनी मतपत्रिका घेतली, चष्मा वर केला, वाचली. माझ्याकडे बघितलं. पुतण्याने आवाज चढवला होता. कपबशीचे सगळे गठ्ठे पुन्हा सोडा, एकेक मत बघू द्या. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. गठ्ठे सुटले. त्यात मी घातलेली ती पहिली निघाली. साहेबांनी हळूच विचारलं, "बाई, ही इथे कशी?"

"चुकून," मी म्हणाले.

त्यांनी ती बाजूला ठेवली. एकेक मतपत्रिका जाळीपुढे धरली जाऊ लागली. साहेब म्हणत होते, "नाव वाचू नका, फक्त खूण बघा." पण डोळ्यांना कोण अडवणार? पुतण्याने सिगारेटचं पाकीट काढलं, ते उलटं केलं, आणि तळहातावर ठेवून लिहायला लागला. मी कागद उलटत होते आणि तो नावं उतरवत होता. मीच शिकवलेली नावं. सखू. दगूबाई. हिरकण. मंजुळा. एका जणीने नावाखाली रेघ ओढली होती, मी गृहपाठाखाली ओढायची तशी. आणि शेवटी ते एकच मत, ज्यावर पूर्ण नाव होतं. वत्सला, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. वळणदार, एकही चूक नाही.

अकरा. चौदांतल्या अकरा.

मला पुढे पुष्कळदा वाटलं, मी ती पहिली लपवली नसती तर? तर कदाचित बाद मतं एका बाजूला निघाली असती, साहेबांनी पटकन दाखवून बाजूला ठेवली असती, एवढा आरडाओरडा झाला नसता, गठ्ठे सुटले नसते, आणि पाकिटावर लिहायला त्याला वेळ मिळाला नसता. कदाचित. आधी बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले, आणि मग लपवायला गेले तर सगळं उघडं झालं.

निकाल दुपारी लागला. अक्का चार मतांनी पडल्या.

बाहेर गुलाल उडत होता. ढोल, जीपच्या टपावर माणसं, आप्पांच्या गळ्यात हार. निवडून आलेल्या बाई तिथे नव्हत्याच. अक्का गोदामाच्या मागे लिंबाखाली बसल्या होत्या, एकट्याच. गुलालाचे चार कण त्यांच्याही डोक्यावर पडले होते. मी गेले.

"कितला?" त्यांनी विचारलं.

"चार."

"आनि बाद?"

मी हाताची दहा बोटं दाखवली, मग एक.

त्यांना समजायला वेळ लागला नाही. भाऊ त्यांना येऊन सांगून गेला असेल, किंवा माझ्या तोंडावर दिसलं असेल. "नावे लिखी दिधात ना?" त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मला वाटलं त्या चिडतील, मला बोलतील. तर त्यांनी डोळे मिटून घेतले. "कोन कोन ते माले सांगू नका, बाई. समजनं ते मी त्यासनाकडे कशी दखसू?"

त्यांना नाही सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

कुणाला मारलं नाही, कुणाचं घर पेटवलं नाही. तसं काही घडलं असतं तर पोलीस आले असते, पेपरात आलं असतं. कांदा काढणीचे दिवस होते. आप्पांच्या मुकादमाने सकाळी बायका बोलावल्या, त्यात त्या अकरा जणींना वगळलं. विहिरीवर त्या आल्या की बाकीच्या बाजूला व्हायच्या. पारावरून कुणीतरी हाक मारायचं, "ओ सहीवाली!" आणि हसायचं. नवरे घरात काय बोलले असतील ते घरातच राहिलं. मी पडवीत रोज चार वाजता बसून राहायची. वर्ग संपला होता, पण त्या अधूनमधून यायच्या, एकमेकींना चिठ्ठ्या लिहायच्या, खिदळायच्या. आता कुणी फिरकेना. एके दिवशी पडवीच्या कठड्यावर पेनं ठेवलेली सापडली. चार होती. कुणी ठेवली, कधी ठेवली, माहीत नाही.

पाचवीचा वर्ग मंजूर झाला, पण तो आप्पांच्या सोयऱ्यांच्या गावाला.

वत्सला मला एकदाच भेटली. ओढ्याच्या वाटेवर, डोक्यावर गाठोडं, पुढे नवरा चालत होता. तो तिला माहेरी नेऊन घालत होता, नवापूरच्या बाजूला. मालकाच्या विरोधात बायकोने मत दिलं आणि त्यावर त्याचंच नाव लिहिलं, हे त्याला गावात तोंड दाखवू देत नव्हतं. मी वाटेच्या कडेला झाले. नवरा पुढे गेला. ती माझ्याजवळ क्षणभर थांबली.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "मनं चुकनं का काही? अक्षर चुकनं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "अक्षर बरोबर होतं."

"मंग?"

नवऱ्याने हाक मारली. ती गेली.

मे महिन्यात मी बदलीचा अर्ज केला. कारण लिहिलं, प्रकृती. जूनमध्ये धुळे तालुक्यात आले, लग्न झालं, मुलगा झाला, पुढे नोकरी पूर्ण केली. लोक म्हणतात मी चांगली शिक्षिका होते. पण पहिलीच्या मुलाला नाव काढून द्यायची वेळ आली की माझा हात अडखळायचा. मी पट्टीने शिरोरेषा मारायला लागले, सरळ. मुख्याध्यापक म्हणायचे, बाई फार नीटनेटक्या. हजेरी घेताना एखाद्या वर्गात वत्सला नावाची मुलगी निघायची आणि मी पुढचं नाव घ्यायला विसरायची. मुलं माझ्याकडे बघत बसायची.

निवडणुकीच्या ड्युट्या पुढेही लागत राहिल्या. प्रत्येक वेळी, कुणी काही म्हणो, मी प्रत्येक बाईला सांगायची, "आत नाव लिहायचं नाही, फक्त शिक्का." एकदा एका केंद्रप्रमुखाने मला त्यावरून झापलं. मी तरीही सांगत राहिले. त्याने काय भरून येणार होतं? आता तर यंत्र आलं. बटण दाबलं की आवाज होतो, कागदच नाही. पहिल्यांदा ते यंत्र पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शेजारच्या मॅडमना वाटलं मला त्यातलं काही समजलं नाही म्हणून मी घाबरले.

अक्कांची भेट पुन्हा झाली नाही. त्या पुढे कधी उभ्या राहिल्या नाहीत, गिरणी मात्र चालवत राहिल्या, असं ऐकलं. एका हिवाळ्यात त्या गेल्याचंही ऐकलं. मी गेले नाही. त्या गावची गाडी धुळ्याच्या स्टँडवर रोज लागते, सव्वादोन तासांचा रस्ता. एवढ्या वर्षांत मी त्या गाडीत पाय ठेवला नाही.

दगूबाई भेटली ती त्याच स्टँडवर. निवडणुकीनंतर सहा-सात वर्षं झाली असतील. मी दुसऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. समोरून एक उंच बाई आली, केस पांढरे, डोळ्याला हिरवी पट्टी. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला आली होती. उरलेल्या एका डोळ्याने तिने मला ओळखलं.

"बाई! तुमीच शेतस ना?"

तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. शेजारी बसली. लग्नाचं विचारलं, मुलाबाळांचं विचारलं. आप्पा अंथरुणाला खिळलेत हे सांगितलं. सखूची नात शाळेत पहिली आली हे सांगितलं. शेवटी मला राहवलं नाही.

"दगूबाई," मी म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी मला विचारायला आला होतात. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही कुणी नाव लिहिलं नसतं. अक्का पडल्या नसत्या. माझी चूक झाली." इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य, बोलायला एवढासा वेळ लागला.

दगूबाई पट्टीवरून बोटं फिरवत राहिली. मग तिने मान हलवली.

"माले माहीत व्हतं, बाई."

"काय माहीत होतं?"

"नाव लिखनं नही पडस ते. केंद्रवर साहेबनी सांगं. नुसता शिक्का मारा म्हने. मी आत गयी, शिक्का मारा. आनि मंग दखत ऱ्हायनू. शिक्का ते कोनीबी मारी. जिंदगीम्हा पहिलंदाव कोनी माले इचारी ऱ्हायना, आनि मी कोन ते सांगाव बिगर निंघी जाऊ? म्हनून लिखं."

तिचा आवाज तसाच खणखणीत होता. आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

"बाद व्हई हाई माहीत नव्हतं," ती म्हणाली. "ते कोनी सांगं नही. पन लिखं ते मी मना मनथून. तुमी नका रडू."

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, आता कुठे मोकळी झाले. इतकी वर्षं उगाच ओझं वाहिलं, हिने एका वाक्यात उतरवलं. मी डोळे पुसले, हसलेसुद्धा. तिचा हात धरला आणि विचारलं, "आणि वत्सला? तिचं काय झालं? आली का परत?"

दगूबाईने हात सोडवून घेतला. आवाज आला तो आधीचा नव्हताच.

"नही उनी. मी दोनदाव गयी तिना माहेरले. दुसरीदाव त्यास्नी दारच उघाडं नही." तिने डोळ्यावरची पट्टी नीट केली. "रांगम्हा ती मना मांगे उभी व्हती, बाई. मी बाहेर उनू ते तिनी इचारं, काकू, काय करनं पडस? मी सांगं, शिक्का मार आनि नाव लिख. पुरं लिख. तुनं चांगलं शे."

साक्रीची गाडी लागली. माणसं धावली, गर्दी झाली, कंडक्टरने घंटी मारली. दगूबाई उठली नाही. माझी गाडीही पलीकडच्या फलाटावर लागून निघून गेली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, पुढची गाडी कितीची आहे हे कुणीच कुणाला विचारलं नाही.